ओल्या हातांचा उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या जूचंद्रच्या सोसायटीत टँकरची वाट पाहणं सुरू होतं. नळ आहेत, पाइप आहेत, यंदा पाणी नक्की वाढणार अशी दर वर्षीची बोलणीही आहेत. तरी दुपारी कधीतरी गेटापाशी टँकर मागे घेतानाची ती कर्कश पिपाणी वाजते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आता पाणी थेट खालच्या टाकीत जातं, मोटर लागते, बादल्या कुणाला उचलाव्या लागत नाहीत. पण मी मात्र अजूनही तो आवाज ऐकला की हातातलं काम टाकून मोरीकडे जाते. ड्रम बघते. तो भरलेलाच असतो. मग उगाच त्याचं झाकण सारखं करून परत येते.

यंदा नेमकं त्याच आठवड्यात आमच्याकडे नवं वॉशिंग मशीन आलं. त्याला बटणं नाहीत. एक काळी, सपाट, चकचकीत पट्टी आहे आणि तिच्यावर बटणांची चित्रं आहेत. चित्राला बोट टेकवायचं, की मशीन कुठेतरी आत गुणगुणतं. पण बोट ओलं असलं की ते ढिम्म हलत नाही. ओढणीला हात पुसा, पुन्हा टेकवा, पुन्हा पुसा. धुण्याच्या मशीनला ओला हात चालत नाही हे म्हणजे पोळपाटाला पीठ चालत नाही म्हटल्यासारखं झालं. बसवायला आलेला माणूस समजावून सांगत होता, "मॅडम, हात एकदम ड्राय पाहिजे, तरच टच घेईल." मला हसू आलं. तो बिचारा गोंधळला. खरं तर मला रडू येत होतं, पण परक्या माणसासमोर त्यातल्या त्यात हसणं बरं दिसतं. बाबा असते तर त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारून पहिल्यांदा हेच विचारलं असतं, "यात फिरवायचं काय?"

बाबांचं सगळं आयुष्य फिरवण्यात गेलं. वालीवच्या एका लहानशा कारखान्यात ते माल तपासायला होते. तिथे प्लॅस्टिकचे नॉब निघायचे. पंख्याच्या रेग्युलेटरचे, मिक्सरचे, रेडिओचे, आणि पुढे वॉशिंग मशीनचेही. मशीन जोडायचं काम दुसरीकडे कुठेतरी व्हायचं, वालीवला नुसते नॉब. साच्यातून ते गरम गरम बाहेर पडले की बायका कडेला राहिलेली धार ब्लेडने काढायच्या आणि मग पाट्या भरभरून माल बाबांच्या टेबलावर यायचा. टेबलात एक लोखंडी दांडी उभी केलेली होती. तिच्यावर नॉब चढवायचा, दोन बोटांनी डावीकडे फिरवायचा, उजवीकडे फिरवायचा, अंगठा कडेवरून न्यायचा. पास झाला तर खोक्यात, नापास झाला तर पायाशी ठेवलेल्या पिंपात. चकचकीत मालावर बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून हे सगळं पांढरे सुती हातमोजे घालून करायचं. वालीवला शुक्रवारची सुट्टी असायची. शुक्रवारी सकाळी आई ते हातमोजे धुऊन बाल्कनीच्या दोरीवर चिमट्यांनी लावायची, दहा बोटं खाली लोंबत.

कारखाना मुंबईहून वालीवला हलला, म्हणून आम्हीही मुंबईच्या एका खोलीतून विरार पूर्वेला चंदनसारला हललो. दोन खोल्या, मोरी, बाल्कनी. चार इमारती उभ्या होत्या, बाकी सगळी भाताची खाचरं. घर स्वतःचं झालं, पाणी मात्र परक्याचं राहिलं.

बाबांना सुट्टीतही चैन पडायचं नाही. कुणाच्या घरी गेलो, लग्नाच्या हॉलमध्ये गेलो, तरी आधी पंख्याचं बटण एकदा फिरवून यायचे. आई डोळे मोठे करायची. "अहो, लोक काय म्हणतील?" पण बाबा गर्दीतून परत येऊन आमच्या कानाशी निकाल सांगायचेच. ढिला आहे. चावतो आहे. आमच्याकडचा नाही. त्यांचं एक म्हणणं होतं, आणि ते मला आजही पटतं. वस्तू हातात आली की हाताला कळलं पाहिजे, डोळ्यांना विचारायला लागू नये. आमचा जुना रेडिओ तसा होता. अंधारात, पडल्या पडल्या हात लांब करावा आणि त्याचा जाड, खाचाखाचांचा कान पिळावा, की बोटांना आपोआप समजायचं, बातम्या इथे, गाणी त्याच्या जरा पुढे. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं की आत काहीतरी खट्टकन बसायचं आणि आपल्यालाही बसल्यासारखं वाटायचं. असल्या वस्तूंशी माणसाचं भांडण होत नाही. घरात त्या आहेत हेही विसरायला होतं.

आणि काही वस्तू जन्मतःच उलट्या काळजाच्या. आईच्या गोळ्यांची बाटली तशी होती. लहान मुलांनी उघडू नये म्हणून तिचं झाकण आधी खाली दाबायचं आणि दाबलेलं असतानाच फिरवायचं. गोळ्या संधिवाताच्या, आणि झाकण असं, की संधिवात नसलेल्यानेच उघडावं. मी किंवा बाबा सकाळी झाकण उघडून बाटली तशीच ओट्यावर ठेवायचो. त्यावर कुणी कधी विनोद केला नाही. आमच्या घरात आजार हा बोलायचा विषयच नव्हता. आई सकाळी उठली की गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसायची, बोटं सैल झाली की उठायची आणि चहा टाकायची. पातेल्याकडे पाहून आम्ही म्हणायचो, आज जास्त आहे वाटतं. ती म्हणायची, नाही गं, नेहमीचंच.

मी सांगते आहे त्या उन्हाळ्यात बाबांनी वॉशिंग मशीन आणलं ते तिच्या हातांसाठीच. हे मला आवर्जून लिहायचं आहे, कारण पुढचं वाचून बाबांबद्दल कुणाचं मत वाईट होईल. अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. मशीन अर्धं आपोआप चालणारं, अर्धं आपण चालवायचं. एका कप्प्यात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं, पाणी बादलीने ओतायचं. टँकरच्या घरांना तेच बरं. मोरीत जागा नव्हती म्हणून ते मोरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळकंडीत बसलं. आईने बाजूच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ ठेवला. समोरच्या पट्टीवरचं पातळ प्लॅस्टिक बाबांनी काढू दिलं नाही. आणि त्या पट्टीवर, बरोबर मधे, चांदीसारखा चमकणारा, गोल, गुळगुळीत नॉब. वालीवचा. बाबांच्या टेबलावरून गेलेला.

"मी पास केलेला असणार हा," बाबा म्हणाले. "माझ्याशिवाय दुसरं कुणी बसतच नाही त्या टेबलावर."

मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो. आयुष्यभर नुसते कान तपासणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच पूर्ण जनावर पाहिलं होतं. मग महिनाभर घरी कुणीही आलं की चहाच्या आधी नॉब. "फिरवून बघा," बाबा म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फिरवला, कोकणातून आंबे घेऊन आलेल्या मामाने फिरवला. नॉब पंधरा आकड्यापर्यंत न्यायचा आणि सोडायचा, की तो टिकटिकत आपला आपण परत यायचा. सगळे म्हणायचे, वा, काय मऊ फिरतो. पाहुण्यांचे हात कोरडेच असतात. आई मागे उभी राहून हसायची. तिला कुणी फिरवून बघ म्हटलं नाही, कारण ती तर घरचीच.

मशीन आलं त्याच्या तिसऱ्याच दिवशी टँकर आला. खाली आरडाओरड, बादल्या, हंडे, पायात पाय. मी पाणी वर चढवत होते, आई ओतत होती. साबणाची पूड पडली, चादरी पडल्या. आईने कोपरापर्यंत हात घालून त्या नीट पसरल्या आणि मोठ्या उत्साहाने नॉब धरला. बोटं त्याच्यावरून फिरली, नॉब जागच्या जागी. तिने पदराला हात पुसले, पुन्हा धरला. बोटं वळेनात, आणि धरायला त्या गोलाला ना खाच ना कंगोरा. आतली स्प्रिंग चांगली ताठ. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हात लावले. मग ती खरंच हसली. "बघ, मला ओळखतच नाही मेलं!" असं म्हणून ओट्यावरची सांडशी घेऊन आली. मी ओरडले, "आई, ओरखडा येईल, बाबांना दिसेल!" सांडशी तिने लगेच खाली ठेवली.

"तू फिरव गं जरा."

मी फिरवला. दोन बोटांत फिरला. मशीन घरघरायला लागलं, आणि त्या आवाजात आई हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. किती हौसेने आणलंय."

त्यात काय एवढं, मला वाटलं. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. पण विरार स्टेशनजवळ मी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, दुपारी चारचा. तिथे थंडगार खोलीत बसून मी माउस नावाचं यंत्र हाताळायला शिकत होते आणि स्वतःला फार पुढची समजत होते. टँकरला मात्र वेळ नव्हती. तो दुपारी तीनला यायचा, पाचला यायचा, कधी यायचाच नाही. पाणी आलं की लगेच धुणं उरकायचं, कारण ड्रमात साठवलेलं पाणी स्वयंपाकाला पुरवायचं असायचं. आणि धुणं सुरू करायला मी लागायचे. एवढं मोठं मशीन घरात आणि त्याची किल्ली म्हणजे माझी दोन बोटं.

एकदा, बाबांना ओव्हरटाइम होता त्या दिवशी, मी क्लासनंतर मैत्रिणीबरोबर रेंगाळले आणि सातला घरी आले. आई बोळकंडीत मशीनशेजारी स्टुलावर बसली होती. आत पाणी, कपडे, साबण सगळं तयार. फेस बसून गेला होता, पाण्यावर नुसता एक राखाडी तवंग. पाचपासून बसले आहे म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगितलं, जसं आज कोथिंबीर मिळाली नाही असं सांगावं. मला तिची दया यायला हवी होती. मला आला राग. "मग हाताने धुवायचे ना! कुणी अडवलं होतं?" मी म्हटलं. पाणी घाण व्हायच्या आत फिरव, एवढंच ती म्हणाली. हाताने धुवायचं हे आधी माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं, हे मला पुढे पुष्कळ वेळा आठवलं, आणि दर वेळी जरा जास्त लाज वाटली.

यातून वाट काढली ती फिलोमावशीने. फिलोमावशी अर्नाळ्याची. आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन आमच्या इमारतीत म्हावरं विकायला यायची आणि जिन्यातच बैठक मारायची. पानात बांधून दिलेले बांगडे आईला नीट धरता येत नाहीत हे तिने पाहिलं.

"काय गो बाय, हाताला काय झाला तुझ्या?"

आईने आधी वात म्हणून सांगितलं, आणि मग कुणास ठाऊक का, नॉबचंही सांगून टाकलं. घरातल्या माणसांना न सांगता येणारं परक्या बाईला जिन्यात सांगता येतं.

"अगो, पानी लागला का घसरनारच तो!" फिलोमावशी म्हणाली. "ह्यो बघ माझा कोयता. दिवसभर म्हावरा नि पानी. टूब नाय बांधली तर कोयता म्हावऱ्यावर नाय, माझ्या बोटावर पडंल." तिच्या कोयत्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. दुसऱ्या खेपेला ती तशी एक पट्टी आईसाठी घेऊन आली. वर्तमानपत्रात बांधून, अगदी बोंबील द्यावेत तशी.

आईने ती नॉबभोवती गुंडाळली, टोक आत खोचलं. आता तो नॉब दिसायला भयंकर झाला, चांदीच्या वाटीला चिंधी बांधल्यासारखा. पण बोटांची गरजच उरली नाही. आईने ओला तळहात त्याच्यावर टेकला, मनगट वळवलं, आणि नॉब निमूट पंधरापर्यंत गेला. तिने सोडला, टिकटिक ऐकली, पुन्हा फिरवला. मशीन रिकामं होतं, पाणी नव्हतं, तरी चार-पाच वेळा फिरवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की यंत्राचं सुख म्हणतात ते हेच असावं. आपण सांगावं आणि कुणाचीही वाट न बघता त्याने ऐकावं.

पुढचे तीन आठवडे आई चांगली खुशीत होती. "मशीन लावते हं मी," असं घरात कुणी नसलं तरी जाहीर करायची. नॉर्मल आणि जेंटल ही इंग्रजी अक्षरं तिला लागायची नाहीत, म्हणून तिने एकाला लाल आणि एकाला हिरवी टिकली लावली. बाबांनी त्या टिकल्या पाहिल्या, आणि त्यांना आवडल्याही. ट्यूब मात्र ते यायच्या आत, सहाच्या सुमाराला, निघायची आणि मोरीच्या दारामागच्या खिळ्यावर जायची. शुक्रवारी, बाबा घरी असताना, ती मशीनला हातच लावायची नाही. "आज कपडे कमीच आहेत," म्हणायची. मी क्लासला वेळेवर जायला लागले. सगळ्यांचंच बरं चाललं होतं, आणि सगळ्यांचं बरं चाललेलं असताना कुणाला काही सांगावंसं वाटत नाही.

तो बुधवार होता. जूनला दोन-चार दिवस असतील, आभाळ नुसतं कोंदलेलं, अंगाला धारा. टँकर साडेतीनला आला. मी वही घेऊन क्लासला निघण्याच्या बेतात होते. आई चादरी घालून मशीन लावून मोकळी झाली होती आणि मोरीत बसून कॉलर घासत होती. वालीवला कसली तरी मोठी मोटर जळाली आणि कारखाना दुपारीच सुटला, हे आम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. बाबा जिना चढून आले ते हसतच. मशीनचा आवाज खालपर्यंत येत होता. आपलं मशीन आपल्या बायकोसाठी कामाला लागलं आहे, हे त्या माणसाने दोन मजले ऐकत ऐकत यावं! दारातून आत पाऊल टाकलं आणि त्यांना नॉब दिसला.

त्यांनी चपला काढल्या. मशीनपाशी आले. वाकून ट्यूबचं खोचलेलं टोक सोडवलं, वेढे उलगडले, पट्टी बाजूला ठेवली. मग खिशातून रुमाल काढून नॉब पुसला, आधी वरून, मग कडेने. मशीन चालूच होतं. आई मोरीच्या दारात उभी राहिली होती.

"कुणी लावलं हे?"

"मी," मी म्हटलं. का म्हटलं? आईला वाचवायला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण चारला दहा कमी होते, मला क्लास गाठायचा होता, आणि मी म्हटलं की विषय तिथेच मिटेल असाही हिशोब त्यात होता.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते नॉबकडेच बघत म्हणाले, "ज्याला नीट फिरवता येत नाही त्याने हात लावू नये. वस्तू बिघडते."

आवाज चढलेला नव्हता. आमच्या घरात तो कधी चढायचाच नाही. आईने मागे वळून कॉलर घासायला घेतली. मी चपला घातल्या आणि गेले. क्लासात त्या दिवशी काय शिकवलं ते मला आठवत नाही. पण मी वेळेवर पोचले होते एवढं आठवतं.

त्या दिवसानंतर आईने मशीनला हात लावला नाही. पुढचा टँकर आला तेव्हा तिने बादली आणि ब्रश घेतला, मोरीत पाट टाकला आणि बसली. "मी लावून देऊ?" मी एकदा विचारलं. "राहू दे, चार तर कपडे आहेत," ती म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सुटल्यासारखं वाटलं मला. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच वाटलं होतं. पावसाळा लागला, टँकर बंद झाला, माझं कॉलेज सुरू झालं. मशीनवर आईने पूर्वी कधीतरी विणलेला पांढरा रुमाल आला, त्याच्यावर फुलदाणी.

शुक्रवारी मात्र ते चालायचं. बाबा सकाळी फुलदाणी उचलून ठेवायचे, घरातल्या चादरी, पडदे, पांघरुणं, आपले पँट-शर्ट गोळा करायचे, पाणी ओतायचे आणि नॉब फिरवून जवळ उभे राहायचे. हातमोजेसुद्धा त्यातच टाकायचे. आई पिळून निघालेलं वाळत घालायची. मला वाटायचं, काय ही यंत्राची हौस, आठवड्याची सुट्टीही त्याच्याशीच. एरवी घरात रोज मशीनचा आवाज का येत नाही, असं त्यांनी चुकूनही विचारलं नाही. तेही मला तेव्हा खटकलं नाही. मग मला नोकरी लागली, मग लग्न होऊन मी जूचंद्रला आले. माहेरी गेले की आईचे हात हातात घ्यायचे. बोटं एका बाजूला कलत चाललेली, सांधे सुजलेले, कातडी साबणाने पांढरी. "मलम लावतेस ना?" मी विचारायचे. मोरीचं नाव मी कधी काढलं नाही.

ते हातमोजे मला खूप उशिरा आठवले. माझ्या मुलीचे कपडे धुताना, फेसाच्या हाताने नळ बंद करायला गेले आणि नळ घसरला, तेव्हा. कपडे धुण्याच्या मशीनचा नॉब, आणि तो तपासायचा तो कोरड्या टेबलावर, कोरडे सुती हातमोजे घालून, धडधाकट पुरुषाने. साबणाची एक बादली त्या टेबलाशेजारी ठेवावी असं तिथे कुणाला सुचलं नाही. घासणाऱ्या, धुणाऱ्या बायका त्याच शेडमध्ये दहा हातांवर बसून नॉबची धार काढत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय त्या बोलणार नव्हत्या. वस्तू त्रास देते तेव्हा आपण तिला शिव्या देतो, तिला बिचारीला काय कळतं! ती कुणाचे हात डोळ्यांसमोर ठेवून केली, एवढाच प्रश्न असतो.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, बाबांना जूचंद्रला आणायचं ठरलं. चंदनसारचं घर आवरायला मी गेले होते. भांडी वाटून झाली, पेट्या भरून झाल्या, मशीन भंगारात द्यायचं होतं. भंगारवाला टेम्पो घेऊन येतो म्हणाला होता आणि आम्ही दोघं त्याची वाट बघत रिकाम्या खोलीत बसलो होतो. बाबांनी सवयीने नॉब फिरवून पाहिला. चांदीचा मुलामा गेला होता, आतून पांढरं प्लॅस्टिक दिसत होतं. मशीन पुन्हा दिसणार नाही, मग बोलायलाही जमणार नाही, असं मला वाटलं, म्हणून मी बोलले.

"बाबा, ती ट्यूब मी नव्हती लावली. आईने लावली होती. तिला हा फिरतच नव्हता."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. तुझे हात कोरडे होते, हातात वही होती. तिचे कोपरापर्यंत साबणाचे."

"मग तसं का बोललात?"

त्यांनी नॉब पुन्हा पंधरापर्यंत नेला. "मालकांनी नमुना आणला तेव्हा मलाच विचारलं होतं, कसा वाटतो. मी म्हटलं, एक नंबर. तिथून पुढे किती माल गेला असेल, किती घरांत. सगळा मी पास केलेला. त्या दिवशी ती ट्यूब बघितली आणि वाटलं, सगळाच्या सगळा परत आलाय." त्यांनी नॉब सोडला. तो टिकटिकत खाली यायला लागला. "तोंडातून गेलं. मग परत घेता येईना."

"तिला नंतर तरी सांगायचंत, बाबा."

"काय सांगायचं? तिला कळलं होतं ना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणाली, पोरीला उगाच बोललात. मला बोलायचं होतं तर मला बोलायचं."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चहा प्यालो आणि कामावर गेलो."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. बाबा उठून दार उघडायला गेले. मी तिथेच बसून राहिले. दोन खोल्यांचं घर. त्यात आम्ही तिघं. तिघांनाही सगळं माहीत होतं, आणि आई शेवटची अकरा वर्षं मोरीत बसून हाताने कपडे धूत होती.